मोबाइल हिसकावण्याआधी

कपाशीची वेचणी ऐन भरात होती. रात्री सव्वाअकराला एरंडोलकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. "सर, पोऱ्याना मोबाइलमा भलतंच सापडनं." मुलगा एकोणीस वर्षांचा, बारावी सायन्स करून नीटच्या दुसऱ्या प्रयत्नाला बसलेला. मोबाइलवर एक ग्रुप उघडा राहिला होता. कुठकुठली अनोळखी माणसं त्यात रात्र-रात्र लिहीत होती, की आता जगणं नको. त्यांत आपला मुलगाही होता, चार महिन्यांपासून.

मला फोन करायच्या आधीच बापाने मोबाइल ओट्यावर आपटून फोडला होता. तिसऱ्या दिवशी मुलाने मित्राचा जुना हँडसेट मिळवला, नवं नाव घेतलं आणि परत तिथेच गेला. आता घरात कुणाला काही दिसत नव्हतं, एवढाच फरक पडला.

हा लेख त्या बापासारख्यांसाठी आहे: आई, मोठा भाऊ, रूममेट, दहावीच्या बॅचच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन. मी डॉक्टर नाही. ज्युनियर कॉलेजात शिकवतो, अशा वेळी काय करायचं याचं थोडं प्रशिक्षण घेतलंय आणि चार-सहा घरांत रात्री जाऊन बसलोय. चुकाही केल्यात, त्यातल्या काही पुढे येतील.

आणि असा ग्रुप तुझ्याच मोबाइलमध्ये असेल, तर पुढचं सगळं नंतर वाच. आधी १४४१६ लाव. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलणारी. फोनवर बोलवत नसेल तर ज्याच्याशी त्यातल्या त्यात पटतं त्याला एवढंच लिही: "आज रात्री माझ्याजवळ येऊन बस." कारण नंतर सांगता येईल.

तो तिथे का जातो

अशा ग्रुपांची नावं मी देणार नाही आणि तुम्हीही शोधत बसू नका. पण ते सगळे एका माळेचे मणी नसतात, एवढं माहीत हवं. काही ठिकाणी नियम असतात, देखरेख करणारी माणसं असतात. मरण्याच्या मार्गांबद्दल कुणी लिहिलं की ती पोस्ट काढली जाते, हेल्पलाइनचे नंबर दिले जातात, रात्र सरेपर्यंत माणसाला बोलतं ठेवलं जातं. काही ठिकाणी राखणदारच नसतो. एकाचं दुःख दुसऱ्याच्या दुःखावर ओतलं जातं आणि वाचणारा जास्तच बुडतो. तिसरा प्रकार घातक. तिथे मार्गांची चर्चा होते, तारखा ठरतात, सोबत शोधली जाते आणि मागे सरणाऱ्याला भित्रा म्हणून हिणवलं जातं. नव्याने गेलेल्याला तिन्ही सारखेच वाटतात, कारण सुरुवातीला तिन्हीकडे एकच घडतं: त्याचं म्हणणं कुणीतरी ऐकून घेतं.

घरी काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. "तुला काय कमी केलं आम्ही?" "आमच्या पायात चप्पल नव्हती, तरी शिकलो." धुळ्याला मानसोपचार विभागात जायचं तर एसटीच्या थांब्यावरच दोघं विचारणार, "कथा चालना रे?" (कुठे चाललास?) आणि संध्याकाळपर्यंत पारावर त्याचं डोकं फिरलेलं असणार. मोबाइलमधल्या माणसाला आडनाव माहीत नसतं, जात माहीत नसते, सोसायटीचं थकलेलं कर्ज माहीत नसतं. एरंडोलच्या त्या मुलाने पुढे मला सांगितलं, "सर, तठे माले कोन्ही येडा म्हनत नही."

त्या ग्रुपाला जे जमतं ते, म्हणजे न रागावता ऐकून घेणं, आपल्यालाही जमवावं लागतं. आणि त्याला कधीच जमणार नाही ते, म्हणजे शेजारी येऊन बसणं, कपाटाला कुलूप लावणं, दवाखान्यात सोबत जाणं, ते आपल्याशिवाय कोण करणार? पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन कामांच्याच आहेत.

पहिली पायरी: पहिली दहा मिनिटं

मोबाइलमध्ये असं काही दिसलं, किंवा कुणाच्या स्टेटसवर 'शेवटचा नमस्कार' छापाचं काही आलं, तर सगळ्यात आधी ठरवायचं की हे आत्ताचं आहे की बऱ्याच दिवसांचं.

आत्ताचं असल्याच्या खुणा: निरोप घेतल्यासारखी भाषा, आज-उद्याची वेळ, हातातल्या वस्तू वाटून टाकणं, उधारी अचानक चुकती करणं, फोन बंद करून घराबाहेर जाणं. अनेक दिवस तळमळणारा माणूस एकाएकी शांत आणि मोकळा दिसायला लागला तर घरचे हुश्श करतात. ते हुश्श करू नका. कधी कधी मनाशी काही ठरवून टाकल्यामुळेही तशी शांतता येते. बरं वाटत असेल तर उत्तमच, पण विचारून खात्री करा.

यातलं काही दिसलं तर ११२ लावा. तो माणूस कुठे आहे ते माहीत नसेल तरी लावा. त्याचा मोबाइल नंबर, खात्याचं नाव, शेवटचा मेसेज किती वाजता आला, एवढं पोलिसांना द्या. नंबरवरून ठिकाण शोधणं हे त्यांचं काम आहे. इजा झालेली असेल तर १०८ची रुग्णवाहिका. दरम्यान जवळ राहणाऱ्या कुणाला तरी घरी पाठवा. जळगावहून तुम्ही निघून शहाद्याला पोहोचेपर्यंत शेजारचा माणूस दहा वेळा जाऊन येईल. आणि माणूस सापडला की त्याला क्षणभरही एकटं सोडू नका.

स्क्रीनशॉट भाऊबंदकीच्या ग्रुपवर टाकू नका. ही माझी स्वतःची चूक. एका विद्यार्थिनीचा मेसेज मी काळजीपोटी तिच्या दोन शिक्षकांना पाठवला. दोघांचे चार झाले, दुसऱ्या दिवशी तिच्या मामांना अमळनेरला माहीत होतं. ती मुलगी त्यानंतर माझ्याशी वर्षभर बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. ज्याला सांगितल्याने मदत होणार आहे, फक्त त्यालाच सांगा.

दुसरी पायरी: सरळ विचारा

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गाडी इथेच अडते.

लोकांना वाटतं, मरणाचं नाव काढलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. असं होत नाही. जगभर यावर अभ्यास झाला आहे. सरळ विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट बहुतेकांना हायसं वाटतं. इतके दिवस तो शब्द एकट्याने वागवलेला असतो, तो दुसऱ्याच्या तोंडून आला की वजन वाटलं जातं.

जागा निवडा. समोरासमोर खुर्च्या टाकून चौकशी बसवल्यासारखं नको. आपल्याकडची माणसं काम करता करता बोलतात. शेतात पाणी भरायला दोघं गेलात, मोटरसायकलवर मागे बसवलं, भाकरी झाल्यावर चुलीपाशी रेंगाळलात, तर बोलणं निघतं. नजरेला नजर द्यावी लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

सुरुवात ग्रुपपासून करू नका. "तुझा मोबाइल बघितला" हे पहिलं वाक्य असेल तर पुढची सगळी ताकद भांडणात जाते. आधी जे डोळ्यांना दिसतंय ते सांगा: "महिनाभर तू नीट जेवत नाहीस, रात्री दोन-दोनपर्यंत जागा असतोस. मला काळजी वाटते." मग थांबा. तो लगेच बोलणार नाही. ती शांतता भरून काढायची घाई करू नका. मास्तरांना हे फार अवघड जातं, स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

मग विचारा: "कधी जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?" घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच: "तुना मनमा मरी जावाना इचार येस का रे?" पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला पुस्तकी उत्तर मिळतं. "काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" असं मात्र विचारू नका. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. तो "नाही" म्हणतो, तुम्ही सुटकेचा श्वास सोडता आणि तो एकटा राहतो.

उत्तर "हो" आलं तर आणखी दोन गोष्टी विचारायच्या: काही ठरवलंय का, आणि त्यासाठी लागणारं काही जवळ ठेवलंय का. आवाज नेहमीसारखा ठेवा. दोन्हींना हो असेल तर पहिल्या पायरीवर परत या, ही आत्ताचीच वेळ आहे.

काही वाक्यं जिभेवर येतील, ती गिळा. "आईबापाचा विचार कर", कारण तो आधीच स्वतःला ओझं समजतोय आणि तुम्ही त्या ओझ्यावर धोंडा ठेवता. "लोकांची दुःखं बघ." "सगळं ठीक होईल." आणि देवाधर्माचं पाप. त्यांच्या जागी साधं बोला: "तू मला हे सांगितलंस, बरं केलंस." "मला सगळं कळत नाही, पण मी इथे आहे." "आजची रात्र आपण काढू, उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ." आईला रडू आलं तर रडू द्या, मुलाला ते चालतं. बापाचा राग त्याला चालत नाही.

"कुणाला सांगू नका, शपथ घ्या" असं तो म्हणेल. शपथ घेऊ नका. "तुझ्या जिवाला धोका वाटला तर एका माणसाला सांगेन, आणि कुणाला ते तुला विचारूनच ठरवू." एवढं वचन पाळता येतं.

तिसरी पायरी: घरातली कुलपं

ही पायरी लोकांना पटत नाही. "ठरवलेला माणूस काहीही करेल" असं म्हणतात. तसं नसतं. टोकाची लाट बहुतेकदा थोड्या वेळाची असते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर ती ओसरते. लाट ओसरल्यावर त्यांतली पुष्कळ माणसं पुढे जगतात. श्रीलंकेने सर्वांत घातक शेती-औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ ते २०१५ या काळात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. माणसांची दुःखं कमी झाली होती म्हणावं, तर त्यातली बरीच वर्षं तिथे यादवी युद्धच चालू होतं.

आपल्याकडे फवारणीचं सामान कुठे असतं? पडवीत, खाटेखाली, दारामागच्या कोनाड्यात. ते घरातून पूर्ण हलवा. लागेल तेवढंच आणा. उरलेलं भावाच्या खळ्यावरच्या खोलीत, कुलपात, आणि किल्ली भावाकडे. कृषी केंद्रवाला ओळखीचा असेल तर न उघडलेला माल परत घेतो का ते विचारा. घरातल्या गोळ्या, आजीच्या बीपीच्या आणि झोपेच्या धरून, एका डब्यात आणि तो डबा कुलपात. घरी आणखी कशाची भीती वाटत असेल तर त्याच्यापाशीच विचारा: "कोणती वस्तू इथून हलवली तर तुला बरं वाटेल?" मला वाटायचं, हा प्रश्न ऐकून मुलं चिडतील. माझ्या पाहण्यातल्या एकानेही चिडून उत्तर दिलेलं नाही.

हे झडती घेतल्यासारखं करू नका. ढोल न वाजवता, एका दुपारी.

चौथी पायरी: आता मोबाइल

मोबाइल चौथ्या पायरीवर का, ते एव्हाना लक्षात आलं असेल. आधीच्या तीन झाल्या की तो तुम्हाला स्वतः दाखवण्याची शक्यता निर्माण होते. हिसकावलेल्या मोबाइलमधून तुम्हाला फक्त मजकूर मिळतो, तोही अर्धा.

शेजारी बसा आणि त्याला विचारा, "तुला तिथे काय बरं वाटतं?" वरची तीन प्रकारांची चाळणी त्याच्याकडूनच लावून घ्या. मार्गांची चर्चा होते का? मागे सरणाऱ्याला हिणवतात का? कुणी खासगी मेसेज करून 'सोबत करू' म्हणालंय का? मुलं याची खरी उत्तरं देतात, आणि देता देता त्यांचं त्यांनाच दिसायला लागतं. घातक जागा असेल तर त्याने स्वतः बाहेर पडावं, खातं ब्लॉक करावं, ग्रुपची तक्रार करावी. इन्स्टाग्राम, फेसबुकवर पोस्टची तक्रार करताना आत्महत्या आणि स्वतःला इजा यासाठी वेगळा पर्याय असतो, तोच निवडा. तक्रार कुणी केली ते समोरच्याला कळत नाही. देखरेख असलेला, चांगला ग्रुप असेल तर तो लगेच तोडू नका. चार महिन्यांची त्याची तीच माणसं आहेत. मात्र तिथे किती वेळ आणि किती वाजेपर्यंत, हे दोघांनी मिळून ठरवा.

दुसरं काम फीडचं. एक उदास रील शेवटपर्यंत बघितलं की यंत्र आणखी दहा आणून ठेवतं. त्याला तुमच्या मुलाशी वैर नाही आणि माया तर नाहीच. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये सुचवलेला मजकूर रीसेट करता येतो, यूट्यूबवर पाहिल्याचा इतिहास पुसता येतो. त्यानंतर दोन-तीन दिवस मुद्दाम वेगळं बघायचं: क्रिकेट, ट्रॅक्टर, सारंगखेड्याचे घोडे, त्याला आवडेल ते.

रात्री मोबाइल खोलीबाहेर चार्जिंगला. नियम घरातल्या सगळ्यांना एकच, बापाला धरून. मुलालाच लागू केला तर ती शिक्षा होते.

कुणी चिथावणी दिली असेल, मार्ग सांगितला असेल, तर पुसण्याआधी त्याच्या खात्याचं नाव, लिंक, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि सायबर पोलिसांकडे द्या. आत्महत्येला प्रवृत्त करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली गुन्हा आहे. खोट्या नावाने ग्रुपमध्ये शिरून त्यांच्याशी भांडायला मात्र जाऊ नका. एका काकांनी तसं केलं. ग्रुपवाल्यांनी पुतण्याला ओळखलं, रात्रीत बाहेर काढलं आणि त्याची तीच एक बोलायची जागा गेली, तीही घरात दुसरी जागा तयार होण्याआधी.

पाचवी पायरी: दवाखाना

१४४१६ लावला की आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतात, गरज असेल तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. घरच्या माणसानेही लावला तरी चालतो: "माझ्या मुलाबद्दल विचारायचं आहे, मी काय करू?" लाइन लागली नाही तर १८००-८९१-४४१६ हा दुसरा नंबर. मूल अठराच्या आतलं असेल तर १०९८ देखील.

प्रत्यक्ष दाखवायचं तर धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगाव आणि नंदुरबारलाही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अक्कलकुवा-धडगावकडच्या माणसाला नंदुरबारसुद्धा लांब पडतं. त्यांनी आधी ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कोणत्या दिवशी येतं ते विचारावं. जाताना आधार कार्ड, आधीच्या चिठ्ठ्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत टाका. आणि एका कागदावर लिहून न्या: झोप किती, जेवण किती, विचार कधीपासून. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, तिथे आठवत नाही.

गोळ्या सुरू झाल्या तर दुसऱ्या दिवशी फरक शोधू नका. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. पंचविशीच्या आतल्या मुलांकडे पहिले काही आठवडे नीट लक्ष द्या. तगमग वाढली तर गोळी स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांना फोन करा. आणि बरं वाटायला लागलं की गोळी सोडायची, ही आपली सर्वांची खोड.

घरात भगताला किंवा बाबाला दाखवायची भाषा होईल. नवस बोलायला मनुदेवीला खुशाल जा, गडावर सप्तशृंगीला जा. त्याने मन हलकं होत असेल तर मी कोण आडवा येणारा! पण गोळीची वेळ चुकवून नाही, आणि उपाशी ठेवणं, बांधणं, मारणं असलं काही सांगणाऱ्याच्या दारात तर पाऊलच टाकू नका.

"पोलीस केस होईल" ही दुसरी भीती. या भीतीने माणसं इजा झालेल्यालाही दवाखान्यात न्यायला उशीर करतात. जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ आता नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षा नाही. कलम २२६ आहे, ते सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं. त्याआधीच मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने सांगून ठेवलंय की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि सरकारने त्याच्यावर उपचार करायचे. रुग्णालयात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते, जबाब घेतला जातो. त्या कागदाला घाबरून दारातून परत फिरू नका. याच कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही दिलाय.

सहावी पायरी: खालची गाठ

सरकारी आकडेवारीनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी आत्महत्या केली, देशात सर्वाधिक. प्रत्येकामागे एकच कारण शोधायचा आपल्याला सोस असतो: नापास झाला, मुलीने नकार दिला, कापसाला भाव मिळाला नाही. कारणं गुंतलेली असतात. पण एखादी गाठ सुटली तर बाकीची सैल होतात, म्हणून जी सुटण्यासारखी आहे ती आधी धरा.

लोन अ‍ॅपवाले नातेवाइकांना फोन करून धमकावत असतील तर १९३० ही सायबर हेल्पलाइन. खासगी फोटो पसरवायची धमकी असेल तर पैसे देऊ नका; एकदा दिले की दर महिन्याला मागतात. पुरावे ठेवा, तक्रार करा. 'स्टॉप एनसीआयआय' नावाची फुकट सोय आहे. फोटो कुणालाही न पाठवता त्याची डिजिटल खूण तिथे तयार होते आणि सहभागी कंपन्यांच्या साइटवर तो चढणं अडवता येतं. मुलीच्या बाबतीत घरच्यांनी एक वाक्य पहिल्याच मिनिटाला म्हणायचं: "तुझी चूक नाही." उशिरा म्हटलेलं तिला ऐकू जात नाही.

नीट, एमपीएससी, पोलीस भरती यांत अडकलेल्यांना दुसरा रस्ता दाखवायला घाई करू नका, पण तो आहे हे जाता-येता कानावर पडू द्या. आणि सोसायटीच्या कर्जाचा हिशेब बाप आणि मुलाने एकदा कागदावर मांडावा. मनातल्या आकड्यापेक्षा कागदावरचा आकडा बऱ्याचदा लहान निघतो.

सातवी पायरी: पुढचे तीन महिने

दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे जपायचे असतात. पहिल्या दोन दिवसांत घरात पाय ठेवायला जागा नसते, पंधराव्या दिवशी कुणी नसतं. म्हणून वाटणी करा: सोमवारी मामा, बुधवारी मित्र, शनिवारी सर. उपदेश नको, फक्त हजेरी.

सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोट्टो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने एक साधी गोष्ट करून पाहिली. रुग्णालयातून गेल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्यांपैकी काहींना त्याच्या चमूने अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे, इतकंच. मागणं काही नाही. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या कमी झाल्या. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचं "जेवना का?" आठवलं. रोज संध्याकाळी तेवढा एक मेसेज. उत्तर आलंच पाहिजे असा हट्ट नाही.

बरा असेल अशा एखाद्या दिवशी त्याच्याकडून त्याच्याच अक्षरात एक कागद लिहून घ्या. मला बिघडायला लागलं हे कशावरून ओळखायचं. तेव्हा एकट्याने काय करता येतं (अंघोळ, बैलांना पाणी पाजणं, पांझरेच्या काठाने चालणं). कुठे जाऊन बसता येतं. कोणत्या तीन माणसांना फोन करायचा. शेवटी १४४१६ आणि ११२. डॉक्टर याला सुरक्षा आराखडा म्हणतात. घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवायचा.

आणि तुम्ही स्वतः? एकट्याने हे ओढू नका. रात्रीची जागरणं दोघांत वाटा, तुमच्या जिवाची घालमेल सांगायलाही १४४१६ चालतो. सगळं करूनही कधी माणूस हातून जातो. मी असं एक घर पाहिलंय, त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल तर

गावच्या किंवा बॅचच्या ग्रुपवर कुणी असं लिहिलं तर त्याला रिमूव्ह करू नका, हसण्याच्या इमोजी लगेच थांबवा. ग्रुपवर एकच ओळ लिहा: "भाऊ, वाचलं. फोन करतो." आणि खरंच करा. उरलेल्यांना वेगळ्याने सांगा की कुणी कुठे फॉरवर्ड करायचं नाही. गावात कुणी गेलं असेल तर फोटो, चिठ्ठी, जागा आणि पद्धत ग्रुपवर फिरू देऊ नका. काठावर बसलेला आणखी कुणीतरी ते वाचत असतो. श्रद्धांजलीत 'सुटला बिचारा' लिहू नका.

एक मेसेज पिन करून ठेवा. आमच्या बॅचच्या ग्रुपवर हा आहे, हवा तर उचला: "जीव नको वाटत असेल तर इथे लिहिलं तरी चालेल, कुणी हसणार नाही. अ‍ॅडमिनला रात्री कधीही फोन करा. टेली-मानस १४४१६. तातडीला ११२."

एरंडोलचा मुलगा धुळ्याला महिन्यातून एकदा जातो, बाप एसटीत शेजारी बसतो. थांब्यावर कुणी "कथा चालनात?" विचारलं की बापच सांगतो, "दवाखानामा." एक ग्रुप त्याने सोडला, दुसरा, देखरेखवाला, ठेवलाय. रात्री साडेदहाला मोबाइल ओट्यावरच्या चार्जरला लागतो, जिथे तो फुटला होता तिथेच. परवा त्याच्या कव्हरमधला कागद घामाने विरला होता, म्हणून त्याने नवा लिहिला. तीन नावांच्या जागी आता चार आहेत.